आषाढातली पुण्यतिथी चैत्रात कशी गेली

मार्च २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं माळावर गेलो, झाडं मोजायला. आठ महिन्यांपूर्वी तिथं १५१ रोपं लावली होती. मोजून झाली तेव्हा आकडा २३ आला, आणि त्यातली चार-पाच जिवंत म्हणायची की नाही यावर वाद. एक वाळकी काडी मी सहज ओढली तर ती मुळासकट हातात आली. मुळाला काळी प्लॅस्टिकची पिशवी तशीच, नर्सरीतून आली होती तशी. आतली मुळं तळाशी गोल गोल फिरून, सुंभासारखी वेटोळं होऊन वाळली होती. आणखी दोन काड्या ओढल्या. दोन्हींना पिशवी. चौथी ओढायचं धाडस झालं नाही. त्या ओळीत एक रोप मी स्वतः लावलं होतं आणि पिशवी फाडल्याचं काही केल्या आठवेना.

ही रोपं आण्णा या कवीच्या नावानं लावली होती. पुढं काय झालं ते सविस्तर लिहितो. अशा कार्यक्रमाची बातमी जुलैत फोटोसकट येते, पण मार्चमध्ये त्या माळावर कुणी फिरकत नाही. आम्हीही फिरकलो नसतो. आण्णांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, दोनदा विचारलं म्हणून गेलो.

आण्णा

आमची वाडी आटपाडी तालुक्यातली. सांगली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कृष्णाकाठ, ऊस आणि हळद येते. आम्ही त्या सांगलीत मोडत नाही. माणगंगेचं खोरं, मुरमाड माळ, दोन हात खणलं की चुनखडी. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही बराचसा परतीचा. गदिमांचा जन्म १९१९ मध्ये याच तालुक्यातल्या शेटफळ्यात झाला, माडगूळही इथलंच, त्यामुळं कवी असणं ही आमच्याकडं फार अपूर्वाईची गोष्ट नाही. दर हायस्कुलात एक तरी कवी सापडतो. आमच्या हायस्कुलातला मी.

आण्णांना सगळे मास्तर म्हणायचे, पण ते एस.टी.चे मास्तर. कंडक्टर. तिकिटांचा गठ्ठा संपला की जो पुठ्ठा उरतो, त्याच्या मागं ते बॉलपेननं कविता लिहायचे. पुठ्ठ्याएवढीच कविता, चार ओळी, फार तर सहा. पुस्तक निघालं नाही आणि काढावं असं त्यांनी कधी कुणाला सुचवलंही नाही. पुठ्ठे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकलेले.

त्यांच्या कवितेत एक गोष्ट सारखी येते, ती म्हणजे थांबा. आमच्याकडचे अधलेमधले थांबे झाडांच्या नावाचे आहेत. वडाचा फाटा, जोडउंबर, चिंचेचा मळा, लिंबाचा (म्हणजे कडुलिंबाचा) थांबा. एस.टी.चं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यानं मोजतात, पण ते कागदावर. उतारू टप्पा सांगत नाही, झाड सांगतो. पुढं रस्ते रुंद झाले आणि कडेची झाडं गेली. तरी म्हाताऱ्या बायका हक्कानं म्हणायच्या, “लिंबापशी उतरीव बाबा,” आणि आण्णा मोकळ्या डांबराकडं बघत दोरी ओढायचे. नसलेल्या झाडापाशी माणसं उतरवण्यात त्यांची शेवटची दहा-बारा वर्षं गेली. कवितेत ती सगळी झाडं आहेत. एक पुठ्ठा असा आहे:

हिवराच्या सावलीचं
देणं कोण मानतं?
मेंढरं उठून गेल्यावर
झाड एकटं जाणतं

जुलै २०१८ मध्ये, आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते, तेव्हा आण्णा गेले.

इथं एक छोटी चूक सांगून ठेवतो, कारण तीच पुढं मोठ्या मापात झाली. आमच्या सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात अलीकडं बरीच घरं रक्षा नदीत सोडत नाहीत. शेतात खड्डा काढून त्यात टाकतात आणि वर झाड लावतात. रीत चांगली आहे. आम्ही पाटीभर रक्षा एकाच खड्ड्यात रिकामी केली आणि वर केशर आंब्याचं कलम लावलं. राखेनं मातीचा सामू (पीएच) वाढतो. आमची जमीन आधीच चुनखडीची, त्यात ही भर. कलमाची पानं पिवळी पडत गेली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. जमिनीत लोह असून झाडाला मिळत नाही, त्याचं ते लक्षण. दिवाळीला कलम गेलं. ओंजळभर रक्षा शेणखतात आणि मातीत कालवली असती आणि बाकीची बांधावर पांगवली असती, तर निभावलं असतं. भावकीत मात्र कुजबुज झाली की आण्णांनी आंबा घेतला नाही. काकी त्यावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्याच खड्ड्याशेजारी शेवगा लावला, तो आजही शेंगा देतो.

पहिलं वर्ष

पहिल्या पुण्यतिथीला काहीतरी करायचं हे आमच्या वाचनालयात ठरलं. ते साल २०१९. राज्यात ३३ कोटी झाडांची मोहीम चालू होती, रोपं मिळायला अडचण नव्हती. जागा म्हणून शाळेमागचं गायरान. ग्रामसभेचा ठराव झाला. पैसे गलाईवाल्यांनी दिले. आमच्या भागात घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या कामात, कुठल्या ना कुठल्या परराज्यात असतो. गावातल्या कुठल्याही कामाची वर्गणी तिकडून येते.

तिथीनं पुण्यतिथी १४ जुलैला आली, रविवार. मांडव, स्पीकर, आण्णांचा फ्लेक्स. फ्लेक्सवर आण्णांपेक्षा पाहुण्यांचे फोटो मोठे, पण ते आता सगळीकडंच असतं. कविसंमेलनाला ३४ कवींनी नावं दिली. बेत असा होता की सकाळी आठला रोपं लावायची आणि मग कविता. पाहुणे अकराला आले. मग आधी कविता झाल्या. प्रत्येकी दोन, आणि प्रत्येकानं पहिल्या कवितेआधी ‘आण्णा आणि मी’ यावर बोलून घेतलं. झाडांवरचा तुकोबांचा तो ठरलेला अभंग चौघांच्या भाषणात आला. दीडच्या उन्हात, पोटात कावळे ओरडत असताना, अर्ध्या तासात १५१ रोपं जमिनीत गेली. त्या घाईत पिशव्या फाडायला कुणाला आठवणार? खड्डे आदल्या दिवशी जेसीबीनं काढले होते, म्हणजे बकेटनं माळ ओरखडला होता. वीतभर खाली कच्चा मुरूम.

रोपं कुठली, याचा विचार आम्ही केलाच नव्हता. मिळाली ती आणली. गुलमोहर, काशिद, शिसू, थोडा करंज, थोडा आवळा. गुलमोहराबद्दल वाकडं बोललो तर सातारकर रागावतील. तिकडं १ मेला गुलमोहर डे असतो, चित्रकार-कवी फुललेल्या झाडांखाली जमतात, आणि तो सोहळा बघण्यासारखा असतो. पण गुलमोहर मूळचा मादागास्करचा. साताऱ्याच्या पावसात, रस्त्याच्या कडेला तो तगला; आमच्या मुरमात पाण्याशिवाय तगेल हे आम्ही कुणाला न विचारता धरून चाललो.

मग पाऊसच आला नाही. आमच्याकडं आला नाही, म्हणायला पाहिजे. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली, अर्धं शहर पाण्यात. त्याच आठवड्यात आमच्या तालुक्यात जनावरांच्या चारा छावण्या चालू होत्या. एकच जिल्हा! वाचनालयाची सगळी पोरं भाकरी-चटणीची पोती घेऊन पूरग्रस्तांकडं गेली. जायलाच हवं होतं. रोपांकडं कुणी बघितलं नाही आणि त्याबद्दल कुणाला बोल लावावा असंही वाटत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा पाऊस झोडपून गेला तेव्हा त्याचा उपयोग व्हावा अशी रोपं फारशी उरली नव्हती.

उरलेल्यांतली बरीच मेंढरांनी नेली. हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. आमचे मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन खाली, कृष्णाकाठाला उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणजे कळप गावी असतात त्याच दिवसांत, त्यांच्याच चराईच्या माळावर, कुंपण न घालता आम्ही कोवळी पानं मांडून ठेवली होती.

बैठक

मोजणीनंतर वाचनालयात बैठक झाली. दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं असं की हा माळ झाडांचा नाही, उगाच आण्णांच्या नावाची शोभा होते. त्यापेक्षा अर्धपुतळा बसवू आणि मागं छोटं सभागृह बांधू. देणगीदारही तयार होता. हा प्रस्ताव गायरानानंच अडवला. गायरानं इतर कामांना देण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल कडक आहे. तिथं सभागृह म्हणजे नसतं लचांड, हे सरपंचताईंना पक्कं ठाऊक होतं. खरं सांगायचं तर मीही त्या दिवशी पुतळ्याच्या बाजूनं झुकलो होतो. पुतळ्याला पाणी घालावं लागत नाही.

काकी दारापाशी बसल्या होत्या. कुणी विचारलं नव्हतं, तरी बोलल्या.

“त्यांचा फोटू घरात हाय, तेवढा बास. आनी तुमी जुलैत कशापायी जमता? तवा समद्यांचंच हिरवं असतंय. चैतात या, पानी घिऊन.”

थोडं थांबून आणखी एक म्हणाल्या, आणि ते मला आजही टोचतं. “त्या दिशी समद्यांनी आपापलं वाचलं. ह्यांचं कुनी वाचलंच न्हाई.”

मी मनातल्या मनात मोजलं. ३४ कवी, प्रत्येकी दोन, म्हणजे ६८ कविता. त्यात आण्णांची एकही नव्हती. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं.

तात्यांचा वाडा

दुसऱ्या दिवशी मी तात्यांकडं गेलो, खरं म्हणजे तक्रार करायला. तात्या आमच्यातले जुने मेंढपाळ. वय झालं म्हणून आता कळपाबरोबर जात नाहीत. मुलं मेंढरं घेऊन खाली गेलेली, ते घरी शेळ्या सांभाळून. मी म्हणालो, तात्या, तुमच्या मेंढरांनी आण्णांची झाडं खाल्ली.

“खाल्ली असत्याल. पर सर, पिशव्या बी मेंढरांनीच घालून ठिवल्या व्हय?”

माझ्याआधी गावात बातमी पोचली होती.

मग त्यांनी मला शेळ्यांच्या वाड्यात नेलं. सकाळची वेळ, अजून झाडलोट व्हायची होती. लेंड्यांमध्ये काळपट-तपकिरी, गुळगुळीत, वाटाण्याहून लहान बिया पसरल्या होत्या. शेळ्या दिवसभर हिवराच्या आणि बाभळीच्या शेंगा खातात. रात्री रवंथ करताना कठीण बी तोंडातून बाहेर टाकतात, काही पोटातून पडतात. बाभळीच्या बीचं कवच इतकं टणक की नुसतं पेरलं तर महिनोन्‌महिने पडून राहतं. शेळीच्या पोटातल्या रसानं ते मऊ होतं, मग बी चटकन रुजतं. तात्यांनी पायानं एक कोपरा साफ केला, उकिडवे बसून मापटंभर बिया वेचल्या, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्या रुमालात बांधून दिल्या. “ही लावा. एक रात भिजवा आन् मिरगाला टाका. रोप आनू नगा. रोपाचं मूळ पिशवीत फिरलेलं असतंय, त्याला खालची वाट गावत न्हाई.”

मराठीचा शिक्षक असल्यामुळं माझं लक्ष शेवटच्या वाक्यावर जास्त गेलं. पण शेती खात्यातल्या एका ओळखीच्यानंही तेच सांगितलं. जागेवर बी टाकलं की सोटमूळ सरळ खाली उतरतं आणि कोरडवाहू जमिनीत पहिला उन्हाळा त्याच मुळावर निघतो. लिंबाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. निंबोळीची उगवण्याची ताकद काही आठवड्यांतच जाते, म्हणून पावसाच्या तोंडावर पडलेली ताजी निंबोळीच टाकायची, मागच्या वर्षीची साठवलेली नाही.

कुठली झाडं लावायची हा प्रश्न मात्र डब्यानं सोडवला. काकींनी पुठ्ठे काढून दिले. वाचता येण्यासारखे ६१ निघाले. घाम आणि पावसानं बाकीच्यांची शाई पसरली होती. मी आणि ग्रंथपाल दोन संध्याकाळी बसून त्यातली झाडं लिहून काढत होतो. हिवर, बाभूळ, बोर, लिंब, चिंच, उंबर, वड, पळस, करंज, तरवड. यातला प्रत्येक नग या मातीत आपापला उगवणारा. गुलमोहर कुठंही नव्हता. कृषी विद्यापीठाची शिफारस आणून समोर ठेवली असती तरी यादी फार वेगळी झाली नसती.

पाडवा

ठरलं असं: आषाढातली पुण्यतिथी घरापुरती. गावाचं जमणं गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, माळावर, आणि येताना प्रत्येकानं घागर आणायची. आमच्याच जिल्ह्यात औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. झाडाचंच नाव असलेलं गाव, नदीकाठ, आणि दिवस पंचांगानं बांधलेला. पाहुण्याच्या सवडीनं तारीख हलत नाही. तेच आम्ही उचललं.

आमचा पहिला पाडवा २५ मार्च २०२० ला यायचा होता. तो देशभरच्या लॉकडाऊनचा पहिला दिवस ठरला.

कार्यक्रम अर्थात झाला नाही. २३ झाडांना काकींचा पुतण्या सायकलला दोन कॅन अडकवून पाणी घालत राहिला. मे महिन्यात गलाईवाले परत यायला लागले. दुकानं बंद, गावाबाहेर शाळेत चौदा दिवस विलगीकरण. शाळेच्या मागच्या खिडकीतून गायरानच दिसतं. चौदा दिवस संपल्यावरही करायला काही नव्हतं, आणि माणसं कामाची सवय असलेली. त्यांनी पहार-टिकाव घेतले आणि दोन बाय दोन बाय दोन फुटांचे ८० खड्डे हातानं काढले. खड्डे पंधरा दिवस उन्हात तापू दिले. मग पाझर तलावातला गाळ, शेणखत आणि वरची माती. सोनं गाळणारी माणसं त्या उन्हाळ्यात तलावातला गाळ घमेल्यानं ओढत होती. हे आण्णांनी बघितलं असतं तर एक पुठ्ठा वाढला असता.

मृगात खड्ड्यात तीन-तीन बिया टाकल्या. भोवती बोरी-बाभळीच्या फांट्या, टोकं बाहेर करून. तात्यांची मुलं मेंढरं घेऊन परत आली तेव्हा तात्या स्वतः काठी घेऊन त्या बाजूला बसायचे.

पाण्याचं गणित सोपं आहे, पण ते आधी कुणी मांडलं नव्हतं. जुनी-नवी मिळून शंभरेक झाडं. झाडामागं आठवड्याला २० लिटर धरले तर २००० लिटर. एका बागायतदाराचा ५००० लिटरचा टँकर दोन आठवडे पुरतो आणि सांडलवंड धरूनही थोडं उरतं. फेब्रुवारी ते मे अशा आठ खेपा. डिझेल वाचनालयाचं. कुंभारवाड्यातून पिचकी मडकी फुकट मिळाली. बुडाला बारीक भोक, भोकात सुती चिंधीची वात, मडकं झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरायचं आणि तोंडावर खापरी. वरून ओतलेलं पाणी या उन्हात निम्मं उडून जातं, मडक्यातलं मुळाशी झिरपतं.

म्हणजे आमची पहिली खरी झाडं कवितेच्या एका ओळीशिवाय जगली. हे कबूल केलं पाहिजे. २०२० आणि २०२१ या दोन्ही पाडव्यांना वाचन झालंच नाही.

मग कविता कशाला हवी होती? त्याचं उत्तर २०२१ च्या उन्हाळ्यानं दिलं. गलाईवाले आपापल्या गावी, म्हणजे परराज्यात, परतले. आम्ही वाचनालयाच्या भिंतीवर पाळ्यांचा तक्ता लावला. चैत्रातल्या रकान्यांत सह्या होत्या, वैशाखातले रकाने कोरे. दुसरी लाट होती हे खरं. पण लाट नसती तरी फार फरक पडला नसता, असं मला वाटतं. टँकर आला की वात बदलणं, मडकं भरणं, वाळवी बघणं याला दहा माणसं लागतात, आणि नुसत्या पाण्यासाठी दहा माणसं तिसऱ्यांदा येत नाहीत.

घागर आणि पुठ्ठा

२ एप्रिल २०२२, शनिवार, पाडवा. ऊन उतरल्यावर टँकर माळावर आला. स्पीकर नाही, मांडव नाही. नियम एकच: जो घागर घालेल तो वाचेल, आणि आधी आण्णांचा पुठ्ठा वाचायचा, मग आपलं काही असेल तर एक. काकी डबा मांडीवर घेऊन बसल्या. पुठ्ठा त्याच निवडून देतात, ज्या झाडाला पाणी घातलं त्या झाडाचा. बोरीला पाणी घातलं तर बोरीचा. काकींना लिहिता-वाचता बेताचंच येतं. पण कुठला पुठ्ठा कशाचा हे त्या डागांवरून ओळखतात. “ह्यो च्याचा डाग, म्हंजे चिंचंचा.” चिंचेच्या मळ्याला चहाची टपरी होती, गाडी तिथं थांबायची.

३४ कवींपैकी त्या संध्याकाळी नऊ आले. पुढच्या खेपेला पाच. आता सरासरी तेवढीच. जे येत नाहीत त्यांची बाजूही मला कळते. आपली ताजी कविता ऐकवायला वीस किलोमीटर यायचं आणि आधी घागर उचलायची, वर दुसऱ्याचं वाचायचं! एक पाहुणे रिकामी घागर खांद्यावर घेऊन फोटोला उभे राहिले. काकी उठल्या, नळी त्यांच्या घागरीत सोडली आणि काठोकाठ भरली. त्यांनी नंतर फार चांगलं वाचलं, हेही सांगायला हवं.

कवींची जागा पोरांनी घेतली. सातवी-आठवीची मुलं पाणी भरायला येतात, काहीजण काकींच्या कैरीच्या पन्ह्यासाठी येतात. माझ्या वर्गात धड्यातली कविता पाठ करायला रडणारी मुलं आण्णांचे दहा-दहा पुठ्ठे म्हणतात. चार ओळी, ओळखीचं झाड, घागर रिकामी होईपर्यंत पाठ. त्या वर्षी वैशाखातल्या खेपा चुकल्या नाहीत. जूनमध्ये तक्ता काढून टाकला, त्याची गरज उरली नव्हती.

चुका पुढंही झाल्या. हौसेनं कुणीतरी देणगीदारांच्या नावाच्या पत्र्याच्या पाट्या आणल्या आणि जुन्या करंजांना खिळ्यांनी ठोकल्या. काकींनी पक्कड मागवून काढून टाकल्या. आता धोंड्यांवर रंगानं झाडाचं नाव आणि पुठ्ठ्याची पहिली ओळ लिहितो. दोन उन्हाळ्यांत रंग उडतो, मुलं पुन्हा लिहितात.

मोठा फटका फेब्रुवारी २०२३ मधला. झाडं राखायची म्हणून आम्ही चराई पूर्ण बंद केली होती. गुडघाभर कुसळी गवत माजलं आणि वाळलं. एका दुपारी कुणाच्या तरी विडीनं म्हणा की मुद्दाम, ते पेटलं. मुद्दाम पेटवणारे आमच्याकडं आहेत. जाळलं की पुढचं गवत चांगलं येतं ही समजूत जुनी आहे. १७ झाडं गेली. हिवरांतली काही पावसाळ्यात बुंध्यातून परत फुटली, लिंबांतली नाही. तात्या एवढंच म्हणाले की मेंढरं असती तर पेटायला गवत उरलंच नसतं.

त्यावर बराच खल झाला. आता दिवाळीत गवत कापून न्यायला गावाला मोकळीक आहे, ज्याला हवं त्यानं न्यावं. आग आत शिरू नये म्हणून कडेनं दहा फुटांचा जाळपट्टा काढतो. ज्या भागात झाडं मेंढराच्या तोंडाच्या वर गेली आहेत, तिथं पावसाळा संपल्यावर कळप जाऊ देतो. रात्री वाघर (जाळीचं कुंपण) लावून मेंढरं तिथंच बसवली की लेंडीखतही पडतं. निम्म्या गावाला हा निर्णय अजून पटलेला नाही. मलाही शेळ्यांच्या बाबतीत धाकधूक असते. मेंढरू मान खाली घालून चरतं, शेळी मागच्या पायांवर उभी राहते.

३० मार्च २०२५ च्या पाडव्याला मोजली तेव्हा ७१ झाडं होती. पहिल्या वर्षाच्या १५१ पैकी १४, बहुतेक करंज. बाकी ५७ तात्यांच्या वाड्यातल्या बियांची आणि ताज्या निंबोळ्यांची. सर्वांत उंच हिवर माझ्या डोक्याच्या हातभर वर आहे. सावली म्हणावी अशी अजून कुठल्याच झाडाची नाही.

लिंबाचा थांबा

शेवटचं काम आम्ही ठरवलेलं नव्हतं, मुलांनी काढलं. लिंबाच्या थांब्याचा पुठ्ठा वाचून झाल्यावर आठवीतल्या एकीनं विचारलं, “सर, तिथं लिंब कुठाय?” मी म्हणालो, रस्ता झाला तेव्हा तोडला. ती म्हणाली, मग लावू की.

रस्त्याच्या हद्दीत लावायला परवानगी लागते. अर्ज दिला, त्याची पोच आमच्याकडं आहे, उत्तर नाही. शेवटी हद्दीच्या बाहेर, कडेच्या शेतकऱ्याच्या बांधावर जागा मिळाली. त्याची डाळिंबाची बाग आहे, सावली पडते म्हणून आधी नकोच म्हणाला. मग वीस फूट लांब, बागेच्या पश्चिमेला नको तर उत्तरेला, असं करत एक कोपरा दिला. जून २०२३ मध्ये तिथं तीन निंबोळ्या टाकल्या. एक उगवली. बोरीच्या फांट्यांचं कुंपण आहे, त्यावर गाडीची वाट बघणाऱ्या बायका पिशव्या अडकवतात, त्यामुळं दर महिन्याला ते नीट करावं लागतं.

पाणी तिथला चहावाला घालतो. मुद्दाम नाही, ग्लास विसळलेलं पाणी तो आधी रस्त्यावर भिरकावायचा, आता चार पावलं जाऊन बांधावर ओततो. साखरेच्या पाण्यानं मुंग्या लागतील म्हणून मी एकदा त्याला टोकलं. तो म्हणाला, “सर, लिंबाला कसल्या मुंग्या!” मला वाटतं लागतात, पण अजून लागलेल्या नाहीत.

लिंब आता कमरेएवढा आहे. परवा आटपाडीहून येताना गाडीत नवीन कंडक्टर होता, हातात तिकिटाचं मशीन. माझ्या पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं लिंबाचा थांबा मागितला. त्यानं मशीनमध्ये शोधलं, सापडेना. म्हणाला, “आजी, असा थांबाच नाही, पुढचं तिकीट घ्या.” आजीनं पुढचं तिकीट घेतलं, पैसे मोजून दिले, आणि गाडी वळणावर आल्यावर खिडकीतून बोट दाखवत म्हणाली, “त्यो बग की, थांबीव.”